पणजोबांचा बिल्ला आणि त्याची कड

पहिल्या महायुद्धातून घरी परतलेल्या तुमच्या पणजोबांचं पदक संग्रहालयात आहे, पण खालच्या चिठ्ठीवर त्यांचं नावच नाही, हे वाचलं आणि आमचंच सगळं आठवलं. आमच्या घरी त्याला बिल्ला म्हणायचे. चांदीचा, एका बाजूला राजा पंचम जॉर्ज, दुसरीकडे घोडेस्वार.

मी तो एका संग्रहालयाला दिला तेव्हा कडेवरची अक्षरं उतरवून घेतली नाहीत. हुद्दा, नाव, पलटण सगळं त्या कडेवरच ठोकलेलं असतं. पावतीवर आलं, ‘चांदीचं पदक, एक नग’. पुढे त्यांनी ते इतर पदकांसोबत चौकटीत पक्कं बसवलं आणि कड आत गेली. नाव लावा म्हणून गेलो तर म्हणाले, नोंद क्रमांक आणा. तो पावतीवर नव्हताच! चार वर्षं, तीन अर्ज, दर वेळी नवे साहेब. आईला तिच्या आजोबांचं नाव काचेखाली बघायचं होतं. तिच्या हयातीत ते झालं नाही. राग अजून जात नाही.

म्हणून आधी लेखी अर्ज करून कडेचा फोटो मागा. तोंडी काही ठरवू नका. सोबत १९१४-१५ चा तारा, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं ब्राँझचं पदक, असेल तर नाव त्याच्या पाठीवर असतं, आणि पणजोबा १९१५ संपण्याआधीच रणभूमीवर पोचले होते एवढं त्यावरून नक्की कळतं. चांदीच्या पदकावर मात्र मोहिमेचं नाव कुठेच नसतं, ती पलटणीवरून शोधावी लागते. कडेवर ११० मराठा ही पलटण निघाली तर कूतच्या वेढ्याबद्दल वाचा; कूत आजच्या इराकमध्ये, तिथे तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौजेला वेढलं होतं. ती पलटण तिथे होती आणि २९ एप्रिल १९१६ ला वेढ्यातली फौज शरण गेली. १९२२ मध्ये पलटणींचे जुने नंबर बदलले, म्हणून चिठ्ठीवर नंतरचं नाव घालू देऊ नका.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, ठेच लागून शिकलोय. पण एका बाबतीत ठाम आहे: घरी अजून एखादं पदक असेल तर चिंच, राख, पावडर काही लावू नका. घासून घासून कडेचं नाव जातं. टॉर्च आडवा धरला की झिजलेली अक्षरंही वाचता येतात. युद्धस्मारकांच्या याद्यांत नाव नाही म्हणून खचू नका, त्यांत बहुतेक वेळा फक्त मृतांची नावं असतात. तुमचे पणजोबा तर घरी परतले होते.