सेक्स्टंटचा स्क्रू फिरवण्याआधी

प्रिय कॅडेट,

सेक्स्टंट म्हणजे सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची कोनात मोजायचं उपकरण. तो तपासायचा क्रम आधी पाठ कर: इंडेक्स मिररचा (फिरत्या आर्मवरच्या आरशाचा) फ्रेमशी काटकोन, मग साइड एरर (होरायझन ग्लास, म्हणजे फ्रेमवरचा स्थिर आरसा, बाजूला कलल्याची चूक), शेवटी इंडेक्स एरर (शून्याच्या जागेतली चूक). होरायझन ग्लास जुळवायचा तो इंडेक्स मिररच्या आधारानेच. तोच कलता असला तर पुढची सगळी मेहनत वाया.

आर्म 35 अंशांच्या आसपास ठेव. सेक्स्टंट आडवा धर, आर्क, म्हणजे अंशांची कमान, पलीकडच्या बाजूला. इंडेक्स मिररमध्ये तिरकं बघ. आरशातला आर्क आणि बाहेर दिसणारा खरा आर्क एका रेषेत हवेत. आरशातला वर दिसला तर आरसा पुढे झुकलाय, खाली दिसला तर मागे. मागचा स्क्रू अगदी किंचित फिरव, पुन्हा बघ.

मग आर्म शून्यावर ठेवून तारा बघ आणि ड्रम, म्हणजे मिनिटं दाखवणारी चक्री, मागेपुढे कर. परावर्तित तारा खऱ्या ताऱ्यावरूनच जायला हवा. बाजूने गेला तर होरायझन ग्लासचा फ्रेमपासून लांबचा स्क्रू फिरव. फ्रेमजवळचा इंडेक्स एररचा. एक हलवला की दुसरी एरर थोडी बदलतेच, म्हणून दोन्ही आलटून पालटून तपास.

इंडेक्स एरर क्षितिजावर लगेच कळते, पण मला सूर्याची रीत जास्त भरवशाची वाटते, कारण ती स्वतःची परीक्षा घेते. दोन्ही आरशांपुढे गडद शेड लाव. सूर्याच्या दोन प्रतिमांच्या कडा एकमेकींना टेकव, एकदा ऑन द आर्क (शून्याच्या आत, कमानीच्या बाजूला), एकदा ऑफ द आर्क (शून्याच्या बाहेर). समज, ऑन 34.5 मिनिटं आली आणि ऑफच्या वेळी ड्रमवर 30.5 दिसले. ऑफचं वाचन 60 वजा 30.5, म्हणजे 29.5. नवखे नेमके इथेच चुकतात. फरक 5, त्याचा निम्मा 2.5: एरर ऑन द आर्क, म्हणून वजा करायची. बेरीज 64, भागिले 4, म्हणजे 16.0. नॉटिकल अल्मनॅकमधली (खलाशांच्या खगोलीय पंचांगातली) त्या दिवसाची सूर्याची अर्धव्यासाची नोंद याच्याशी जुळली नाही तर वाचन पुन्हा घे.

आणि ही अडीच मिनिटांची एरर स्क्रूने काढायला जाऊ नकोस! स्थिर एरर वजा केली की संपली. वारंवार फिरवलेला स्क्रू मात्र ढिला पडतो, मग एरर रोज वेगळी येते, आणि उंचीतलं एक मिनिट म्हणजे पोझिशन लाइन, म्हणजे जहाज जिच्यावर कुठेतरी आहे ती नकाशावरची रेषा, एक सागरी मैल सरकते. म्हणून दर साइटच्या (उंची मोजण्याच्या) वेळी एरर मोज आणि लिहून ठेव.

ड्रम उजवीकडून आणि डावीकडून फिरवत आणल्यावर वाचन वेगळं येत असेल, तर ती दात्यांमधली ढिलाई. तिला कुठलाच स्क्रू लागू पडत नाही. एरर मोजताना आणि तारा घेताना ड्रम नेहमी एकाच दिशेने फिरवत आण.