आधी कागद, मग फक्की

तुम्ही विचारलंय की मंडळात साठ-सत्तर मुलंमुली आहेत, सराव एका शाळेच्या मैदानावर चालतो, शाळा काही म्हणत नाही, मग स्वतःची कायमची जागा हवीच का? आणि हवी असेल तर वर्गणी काढून विकत घ्यावी की नगरपालिकेकडे मागावी?

"शाळा काही म्हणत नाही" हे चार शब्द वाचले आणि उत्तर लिहायला बसले. आमचीही शाळा बावीस वर्षं काही म्हणाली नव्हती.

मी खो-खोची खेळाडू. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावात १९९८ पासून आमचं मंडळ आहे. मुलींच्या पहिल्या तुकडीत मी होते, पुढे मंडळाची चिटणीस झाले, आता मुलींना शिकवते. मैदान एका शिक्षणसंस्थेच्या हायस्कूलचं. शाळा सुटली की साडेपाच ते साडेसात आमचं. मैदानाच्या पूर्वेला दोन खांब कायमचे रोवलेले होते.

खांबांचं सांगते, कारण ज्यांनी हा खेळ खेळला नाही त्यांना वाटतं, लाकडाचा दांडका, कुठेही उभा केला की झालं. खांब जमिनीवर १२० ते १२५ सेंटिमीटर असतो, आणि आमचे जमिनीत दोन फूट होते. पाठलाग करणारी मुलगी पूर्ण वेगात येते, एका हाताने खांबाला विळखा घालते आणि सगळं अंग पलीकडे झोकून देते. तो खांब बोटभर जरी हलला तरी खांदा गेला म्हणून समजा. खांब नीट बसायला भोवतीचा मुरूम ठोकून, पाणी मारून, दोन पावसाळे जावे लागतात. रोज संध्याकाळी रोवायचा आणि रात्री काढून ठेवायचा, असं त्याचं काम नाही. आमच्या खेळाला बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरता येत नाही ते यामुळे.

२००९ मध्ये संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष स्वतः म्हणाले होते, "हवं तर लिहून घ्या, तीस वर्षांचं." मी मसुदा तयार केला, मुद्रांक आणला, मंडळाच्या बैठकीत ठेवला. आमचे अण्णा, म्हणजे मंडळाचे संस्थापक, ज्यांनी मला खो द्यायला शिकवलं, ते म्हणाले, "देणाऱ्याच्या तोंडावर कागद मागायचा म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवायचा. खेळाडू मातीत घडतो, सातबाऱ्यात नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विरोध नोंदवला. तो इतिवृत्ताच्या वहीत अजून आहे, माझ्याच अक्षरात. मसुदा कपाटात गेला. तीन वर्षांनी ते अध्यक्ष वारले.

ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्हाला आठवत असेल. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या मैदानावर कमरेएवढं पाणी होतं आणि ओसरलं तेव्हा खाली घोट्यापासून पोटरीपर्यंत गाळ. काळा, चिकट, आणि वास असा की डोकं भणभणायचं. शाळेने वर्ग साफ करून घेतले. मैदानाकडे कोणी बघायला तयार नव्हतं. आम्ही अकरा दिवस तो गाळ काढला. मुलामुलींनी घरून खोरी-घमेली आणली, ज्यांची घरंच बुडाली होती तीही दुपारनंतर यायची. एका पालकाने ट्रॅक्टर-ट्रॉली दिली. जुन्या खेळाडूंकडून ३८ हजार रुपये जमवले, त्यातून चार ब्रास मुरूम आणि वर लाल माती टाकली, पाणी मारलं, रोलर फिरवला. दोन्ही खांब मात्र जागच्या जागी उभे होते, वरच्या वीतभर भागाला तेवढा गाळाचा डाग नव्हता. आठवीतल्या एका मुलीने कपड्यांचा ब्रश आणून ते घासून काढले. नवी फक्की मारली त्या संध्याकाळी हजेरीत ४१ मुली आणि ३८ मुलगे होते. इतकी संख्या त्याआधी कधी झाली नव्हती.

मार्च २०२० ला टाळेबंदी लागली. फाटक बंद. फेब्रुवारी २०२१ मध्ये आम्ही पुन्हा गेलो, तर आमच्या आखलेल्या जागेवर हिरवं टर्फ, भोवती उंच जाळी, वर दिवे. बॉक्स क्रिकेट, तासाला ८०० रुपये. खांब उपटून स्वच्छतागृहाच्या मागच्या भिंतीला आडवे टाकले होते. मुख्याध्यापक भले गृहस्थ, त्यांना बोलवत नव्हतं. एवढंच म्हणाले, "मॅडम, निर्णय वरून झालाय. तुमच्याकडे काही कागद असेल तर दाखवा, मी वर पाठवतो."

आमच्याकडे फोटो होते. स्वच्छतेची बातमी छापून आलेलं कात्रण होतं. संस्थेनेच दिलेली मानपत्रं होती. कागद नव्हता.

त्यानंतरची दोन वर्षं तुम्ही नीट वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. आम्ही आधी नदीकाठी सराव केला, मग बाजार समितीच्या आवारात, मग एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये. तिथे लग्नाची तिथी असली की सुट्टी. खांब तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात सिमेंट ओतून उभे केले. ते हलायचे. मी मुलींना रोज सांगायचे, खांबावर सूर मारू नका, नुसतं वळण घ्या. पण अंगात मुरलेला खेळ ऐकत नाही. कुमार गटातली एक चांगली संरक्षक पाठलागाचा सराव करताना सूर मारून गेली, डबा कलंडला, तिचं गळपट्टीचं हाड मोडलं. त्या वर्षीची निवड चाचणी तिची गेली आणि त्याची जबाबदारी माझी आहे. त्या जागेवर सराव घ्यायला नको होता.

२०२२ च्या डिसेंबरात हजेरीवही काढून मोजलं. मुलगे ३८ चे ३४ झाले होते. मुली ४१ च्या ११.

मुलींच्या घरी गेले. एका आईने जे सांगितलं ते तसंच्या तसं लिहिते. "शाळेत होतं तोवर माझं काही म्हणणं नव्हतं, बाई. आता दर महिन्याला नवी जागा. सात वाजले, पोरगी कुठं हाय म्हणून कुणाला विचारू?" तिला खो-खो नको नव्हता. तिला ठाऊक असलेली एक जागा हवी होती, जिथे पोरीला न्यायला धाकट्या भावाला पाठवता येईल, जिथे पलीकडचा दुकानदार ओळखीचा असेल, जिथे पोरींना कपडे बदलायला आडोसा असेल. मुलगा कुठेही सायकल मारत जातो आणि आठ वाजता परत येतो, त्याला कोणी काही विचारत नाही. जागा सुटली की पहिल्यांदा मुली सुटतात. कायमची जागा मंडळाच्या प्रतिष्ठेसाठी हवी असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपापल्या हजेरीवह्या काढून मोजाव्यात.

अण्णा अजूनही वार्षिक सभेत तेच वाक्य म्हणतात, मातीत घडतो, सातबाऱ्यात नाही. त्यांचं वय झालंय, माझा त्यांच्याबद्दलचा आदर कमी झालेला नाही, पण हे वाक्य चूक आहे आणि मी ते त्यांच्यासमोरही म्हटलंय. माती कोणाच्या नावावर आहे यावरच ठरतं की उद्या तिथे कोण घडणार. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ चा, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. ज्यांनी ती उभी केली ती पिढी कधीच गेली, पायाखालची जागा राहिली म्हणून आजही तिथे पोरं उतरतात. उलट माझ्याच तालुक्यात माझ्या लहानपणी नावाजलेली तीन कबड्डी मंडळं होती, त्यांची आज ढालही कुठे दिसत नाही. तिघांचीही मैदानं "कोणी काही म्हणत नाही" अशीच होती.

अण्णांचा दुसरा मुद्दा असा असतो की आता खेळ मॅटवर गेलाय, जानेवारी २०२५ चा दिल्लीचा विश्वचषक मॅटवरच झाला, मग मातीच्या मैदानासाठी जीव का काढायचा? आमच्या मुलींनी त्यातली कर्णधार प्रियंका इंगळेच्या भारतीय महिला संघाची अंतिम लढत माझ्या मोबाइलवर डोक्याला डोकं लावून पाहिली. पण मॅट अंथरायला छत लागतं, आणि छत उभं करायला आधी जमीन आपली लागते.

आता तुमच्या प्रश्नाकडे. जागा हवी, यात मला शंका नाही. मिळवायची कशी, तर विकत घ्यायच्या भानगडीत एकदम पडू नका. गावाबाहेर स्वस्तात मिळते ती शेतजमीन असते आणि कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय ती घेता येत नाही. संस्था शेतकरी नसते. मग कोणा सभासदाच्या नावावर घ्यायची टूम निघते. ते अजिबात करू नका, त्याच्या मुलांच्या वाटणीत तुमचं मैदान जाईल. गायरान मागू नका. गावाच्या सामाईक जमिनींबद्दलच्या २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या जगपाल सिंग निकालानंतर राज्य सरकारनेही ते दार जवळपास बंद केलं आहे.

जागा किती लागते ते आधी मोजा, म्हणजे मागताना नेमकं बोलता येतं. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, म्हणजे सव्वाचार गुंठ्यांच्या आसपास. चारी बाजूंनी तीन-तीन मीटर मोकळे धरले तर सात गुंठे आणि थोडं वर. कबड्डीचं १३ बाय १० चं मैदान दीड गुंठ्याच्या आतच बसतं. तुमचा खेळ तुम्ही लिहिलेला नाही. क्रिकेट किंवा फुटबॉल असेल तर माझं पुढचं अर्धं बोलणं तुमच्या उपयोगाचं नाही.

एवढी जागा गावात असते. नगररचना कार्यालयात विकास आराखडा पाहा, "क्रीडांगण" असं आरक्षण असलेले भूखंड कुठे आहेत, ताब्यात आलेत का, हे विचारा. आराखडा होऊन दहा वर्षं उलटूनही जागा ताब्यात घेतली नसेल तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस देऊन आरक्षण सोडवून घेऊ शकतो, तेव्हा वेळ दवडू नका. दुसरं, जुन्या बिनशेती ले-आउटमध्ये सोडलेली खुली जागा. त्यात बहुतेक वेळा गवत, राडारोडा आणि एखाददुसरी लावलेली गाडी असते. आम्हाला मिळाली ती अशीच, साडेआठ गुंठे, शाळेपासून सातशे पावलांवर. प्लॉटधारकांच्या घरोघरी मी स्वतः फिरले. आधी आवाजाची तक्रार होती, मग त्यांच्याच पोरी खेळायला यायला लागल्या.

नगरपालिकेने ठराव केला की पेढे वाटू नका. ठराव म्हणजे करार नव्हे, पुढची सभा तो फिरवू शकते. करार हवा, आणि एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. आमच्या ठरावापासून नोंदणीपर्यंत पावणेदोन वर्षं गेली. करार संस्थेच्या नावाने करा, अध्यक्षांच्या नाही. धर्मादाय कार्यालयात विश्वस्त बदलाचा अर्ज रखडला असेल तर आधी तो मार्गी लावा, नाहीतर सही कोणी करायची इथेच अडतं. क्रीडा खात्याच्या मैदान विकासाच्या अनुदानालाही पहिला प्रश्न जागेच्या उताऱ्याचा किंवा कराराचा असतो.

हे सगळं होईपर्यंत आहे ती शाळा सोडू नका. शाळेशी भांडून बाहेर पडायला मी सांगत नाहीये. शाळेच्या मैदानाचे फायदे मोठे आहेत, कुंपण असतं, पाणी असतं, पोरी तिथल्याच असतात. संस्था नोंदणीकृत करार करायला तयार असेल तर दुसरी जागा शोधूही नका, ती सगळ्यात उत्तम. मी वकील नाही. मसुदा वकिलाला दाखवा. आणि अण्णांच्या बाजूने हेही सांगायला हवं की त्या बिनकागदाच्या मैदानातून आमच्या दोन मुली राज्य स्पर्धा खेळल्या. ते त्यांचंच श्रेय आहे.

करार करायला जाल तेव्हा नुसते पदाधिकारी जाऊ नका, दोघी-तिघी आयांना बरोबर न्या. पदाधिकारी भाडं आणि मुदत बोलतात. आमच्या वेळी त्या गळपट्टीचं हाड मोडलेल्या पोरीची आई आली होती. तिने विचारलं, दिवा कुठल्या खांबावर, तो बंद पडला तर कोण बदलणार, कपडे बदलायची खोली किती वाजेपर्यंत उघडी, फाटकाची किल्ली कुणाकडे. अधिकाऱ्यांनी ते तिथेच लिहून घेतलं. आमच्या करारातलं सातवं कलम तिचं आहे. फाटकाची एक किल्ली कायम मंडळाच्या महिला प्रशिक्षकाकडे राहील. ती आत्ता माझ्या पर्समध्ये आहे.