जुन्या फियाटचे सुटे भाग कोठे शोधावेत?

प्रश्न : आजोबांनी घेतलेली १९६८ सालची ‘फियाट ११०० डिलाइट’ आमच्या सोलापूरच्या घरी बरीच वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. ती पूर्ववत करायची इच्छा आहे. परंतु ब्रेकचे सिलिंडर, दारांची रबरे आणि मागच्या दिव्यांच्या काचा येथे मिळत नाहीत. एक मेकॅनिक तर इंजिनच बदलून टाका, असे सांगतो. काय करावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : इंजिन कृपया बदलू नका. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या मोटारीला ‘व्हिंटेज’ म्हणून मान्यता हवी असेल, तर तिची चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. शिवाय आपल्याकडील १०८९ सीसीचे इंजिन दुरुस्त होण्याजोगे असते. ही मोटार मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होत असे आणि त्या कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातच झाला. म्हणूनही ही गाडी तिच्या मूळ रूपात याच शहरात पुन्हा रस्त्यावर यावी, असे मला मनापासून वाटते.

सत्तरच्या दशकात हीच मोटार ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि तिचे उत्पादन २००० सालाच्या आसपासपर्यंत चालू राहिले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी अनेक दशके याच जातीच्या असल्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढच्या चाकांच्या किंगपिनचे (ज्या खिळ्याभोवती चाक वळते त्याचे) बरेचसे भाग कुर्ल्यातील आणि पुण्याच्या नाना पेठेतील जुन्या दुकानदारांकडे अजूनही विचारून पाहण्यासारखे आहेत. तेथे ‘डिलाइट’बरोबरच ‘पद्मिनी’चेही नाव घ्या. मात्र जाताना जुना भाग सोबत न्या आणि त्याची मापे कॅलिपरने (बारीक माप घेण्याच्या साधनाने) ताडूनच नवा घ्या, कारण वर्षागणिक बारीक बदल होत गेले आहेत. ग्रिल, दिवे आणि डॅशबोर्ड यांच्या बाबतीत तर दोन्ही नावांच्या गाड्यांत उघड फरक आहे. ते भाग डिलाइटचेच शोधावे लागतील आणि त्याला वेळ लागेल.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर करू नये. सिलिंडर, त्यांतील रबरी वॉशर आणि होज पाइप नवेच घ्यावेत, कारण वर्षानुवर्षे पडून राहिलेले रबर, पाकीट बंद असले तरी, कडक झालेले असते. नवे सिलिंडर मिळालेच नाहीत, तर जुन्यांना आतून स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह, म्हणजे पातळ नळी, बसवून घेता येते. पण हे काम केवळ ब्रेकचेच काम करणाऱ्या जाणकार कारागिराकडे द्यावे. रबरे पेट्रोलने किंवा इंजिन ऑइलने कधीही धुऊ नका. ती फुगतात आणि निकामी होतात.

बुश, पिना, स्पेसर यांसारखे भाग मात्र सोलापुरातच होतील. यंत्रमागांच्या दुरुस्तीवर हात बसलेले लेथचे कारागीर येथे आहेत आणि त्यांना नमुना दिला की ते मापाला मापाने जुळवून देतात. दारांच्या रबरांसाठी जुन्या रबराचा दोन इंच तुकडा कापून त्याचा आडवा छेद दाखवावा; त्या आकाराचे रबरी बीडिंग मीटरवर मिळण्याची शक्यता असते.

दिव्यांच्या काचांसाठी घाई करू नका. तडकलेली मूळ काचही जपून ठेवा, कारण तिच्यावरून साचा घेऊन नवी प्रत करून घेता येते. दुसरा भाग हाती येऊन गाडीला नीट बसेपर्यंत उतरवलेला कोणताही भाग भंगारात देऊ नका.