दक्षिण फ्रान्समध्ये जुने दगडी मेंढवाडे बघत जंगलातल्या मठापर्यंत जाणारा एक दिवसाचा ट्रेक आहे म्हणतात. एकसष्ट वर्षांच्या आईला घेऊन जाण्यासारखा आहे का?

आहे. तुम्ही लिहिलंय की आई महिन्यातून एकदा सिंहगड चढतात. मग प्रश्नच नाही. इथला चढ साधारण तेवढाच आहे, फक्त जास्त अंतरावर पसरलेला, त्यामुळे दम कमी लागतो आणि वेळ जास्त.

तुम्ही डोंगराचं नाव दिलेलं नाही, पण वर्णनावरून तो ल्यूर असणार. मी एक्स-आं-प्रोव्हान्सला राहतो. ल्यूरला दोनदा जाऊन आलोय, एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑक्टोबरात.

आधी एक घोटाळा निस्तरतो. प्रोव्हान्समधला मठ म्हणून नेटवर शोधलंत की समोर येतो सेनांकचा. पुढे लॅव्हेंडरचे ताटवे, मागे करड्या दगडाची इमारत, असा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. तो गोर्द गावाजवळ आहे, 1148 साली सिस्टर्सियन पंथाच्या साधूंनी उभारला आणि तिथे आजही साधू राहतात. सुंदर आहे, पण जुलैमध्ये तिथे आषाढीसारखी गर्दी असते. तुम्हाला हवाय तो नोत्र-दाम-द-ल्यूर. तिथे साधू नाहीत, तिकीट खिडकी नाही, दुकान नाही. चर्च तेवढं उरलंय.

ल्यूर हा आडवा, लांबलचक डोंगर आहे, व्हाँतू नावाच्या डोंगराच्या पूर्वेला. माथा 1,826 मीटर. पायथ्याचं गाव सेंत-एत्येन-लेझ-ऑर्ग, उंची सुमारे 700 मीटर. मठ 1,200 मीटरच्या थोडा वर. एक्सहून ए-51 हमरस्त्याने ला ब्रियानला बाहेर पडायचं, मग फोरकाल्किये, मग सेंत-एत्येन. गाडी हवीच. फोरकाल्कियेपर्यंत बस येते, पण तिथून पुढे बसच्या भरवशावर दिवस आखू नका.

तुमच्या प्रश्नाचा सूर असा आहे की मठ बघायचा आणि वाटेत मेंढवाडे लागले तर बघू. माझा अनुभव उलटा आहे. मठापाशी मी वीस मिनिटं थांबलो असेन आणि पहिल्या वाड्यापाशी तास गेला. मी मूळचा माण तालुक्यातला. सुगी संपली की आमच्या रानात धनगर यायचे, रात्री वाघूर म्हणजे जाळी लावून मेंढ्या बसवायचे आणि सकाळी आजोबा त्यांना ज्वारी मोजून द्यायचे. लेंडीखताची किंमत लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेली, त्यामुळे कदाचित माझी नजर पक्षपाती असेल.

नकाशावर 'जे-ए-एस' ही तीन अक्षरं दिसली की तिथे मेंढवाडा आहे किंवा होता असं समजा. हा प्रोव्हान्साल शब्द मूळ लॅटिनमधल्या 'आडवं होणं' या क्रियापदावरून आलाय. म्हणजे मेंढ्या जिथे अंग टाकतात ती जागा. आपण मेंढ्या 'बसवतो', हे लोक 'निजवतात', एवढाच फरक. आपल्याकडे वाडा धनगराबरोबर चालतो, जाळी गुंडाळली की निघाला. इथे तो दगडात बांधून ठेवलाय.

आणि बांधलाय कसा, तर चुना नाही, माती नाही, लाकूड नाही. डोंगर चुनखडीचा, शेताएवढी जागा साफ करायची म्हटली तरी गाडीभर चपटे दगड निघतात. तेच दगड रचले. कोकणात गडगा घालतात किंवा आमच्याकडे बांधाला पौळ रचतात ती जात, पण इथे भिंतीवर न थांबता छप्परही त्याच दगडांचं. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा चार बोटं आत सरकवायचा, दोन्ही बाजूंनी असं करत वर एका जागी मिळवायचं. कमान नाही, कळीचा दगड नाही. थर आत सरकत जातात, पण प्रत्येक दगडाचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवलेला, म्हणजे पाणी बाहेर निथळतं. आत वाकून गेलं की लांब बोगद्यासारखी खोली लागते, भिंती हातभर नव्हे, चांगल्या दीड-दोन हात जाड. मे महिन्यात बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत अंगावर काटा आला. फटींत बारीक चिपा मारलेल्या, त्या अजून हलत नाहीत. मोठ्या वाड्याला लागून मेंढपाळाची खोपी आणि पुढे कमरेएवढ्या भिंतीचं आवार. काही ठिकाणी पावसाचं पाणी धरायला टाकं असतं. सह्याद्रीतल्या गडांवर पाणी कुठे सापडतं ते माहीत असलेल्या माणसाला टाकं लगेच दिसतं. या डोंगरावर पाणी ठरत नाही, पडेल तेवढं चुनखडीच्या भेगांत गडप होतं.

यातले बहुतेक वाडे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले. तेव्हा हजारो मेंढ्या उन्हाळ्यात इथे चरायच्या आणि त्यांचं खत खालच्या शेतांना जायचं. आर्लजवळच्या क्रोच्या माळावरून आल्प्सकडे जाणारे कळपही याच मुलखातून पायी चालत. कोरड्या दगडी रचाईच्या कलेला युनेस्कोने 2018 मध्ये वारशाच्या यादीत घेतलं, फ्रान्ससह आठ देशांच्या नावावर. मेंढ्यांच्या हंगामी स्थलांतराच्या नोंदीत फ्रान्सचं नाव 2023 मध्ये आलं. आपले धनगर दर पावसाळ्यानंतर कोकणात उतरतात, त्यांची नोंद कोण कुठे करतंय याचा विचार तिथे बसून मनात आलाच. असो.

आता खरी गंमत. तुम्ही 'जंगलातला मठ' म्हणताय, पण वाटेवरचं बरंचसं जंगल या वाड्यांपेक्षा तरुण आहे. एकोणिसाव्या शतकात इथले उतार चरून चरून बोडके झाले होते. पाऊस आला की माती खाली, खालच्या गावांत पूर. मग सरकारने 1860 मध्ये आणि पुन्हा 1882 मध्ये डोंगरांवर झाडं लावण्याचे कायदे केले. कुरणं बंद झाली, ऑस्ट्रियाचा काळा पाइन लावला गेला, जागोजागी सीडर आले. मेंढपाळांना ते आवडलं नाही हे वेगळं सांगायला नको. वनखातं आणि मेंढपाळ यांचं भांडण आपल्याकडेही कुणाला नवीन नाही. चालताना एक वाडा असा लागला की त्याच्या आवारातच पाइन उगवून पुरुषभर घेराचे झालेले. ज्या भिंतीच्या आत मेंढ्यांनी झाडाचं एक पान राहू दिलं नसतं, तिथे आता सूर्य पोचत नाही. सरकारी वनीकरण एकसुरी असतं अशी माझी तक्रार असते, पण इथे सावलीत बसून डबा खाताना ती तक्रार जरा गिळावी लागली.

वाटेबद्दल. सेंत-एत्येनहून निघालात की आधी ओक आणि बॉक्स नावाच्या झुडपांची खुरटी झाडी, दगडाळ रान, लॅव्हेंडरचे तुकडे. मग पाइन. वर जाल तसे बीच वृक्ष सुरू होतात आणि एकदम थंडावा येतो, पायाखाली पानांचा जाड थर. पिवळा पट्टा स्थानिक पायवाटेची खूण, लाल-पांढरा लांब पल्ल्याच्या वाटेची, आणि फुली दिसली तर वाट चुकलात. ही फुली मी ऑक्टोबरात पाहिली आणि तरीही पुढे गेलो, कारण समोरची वाट रुळलेली दिसत होती. ती मेंढ्यांची निघाली. मेंढ्यांची वाट कुठेच जात नसते, ती चारा असेल तिथे फाटे फोडून संपते. माणदेशातल्या माणसाने हे विसरायला नको होतं. पाऊण तास गेला. आम्हाला चढायला वाड्यांचे थांबे धरून साडेतीन तास लागले, उतरायला दोन. फोनला मधूनमधून रेंज नसते, त्यामुळे सरकारी 1:25,000 प्रमाणाचा नकाशा फोनवर आधीच उतरवून घ्या.

मठ 1165 च्या सुमाराचा. बांधणारे शाले पंथाचे साधू, बोस्कोदों मठातून आलेले. हा आल्प्समधला छोटा, कडक पंथ, ग्रनोब्लजवळच्या शालेमध्ये 1101 मध्ये सुरू झालेला. शेतीपेक्षा जंगल आणि गुरंमेंढरं यांवर जगणारे हे लोक. ल्यूरच्या साधूंनी पुढे खाली आल्पी नावाच्या टेकड्यांत पियरदों हा मठ काढला. उन्हाळ्यात वर बर्फ वितळलेलं कुरण, हिवाळ्यात खाली उबदार माळ, हे गणित मेंढपाळाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून मी म्हणतो की वाडे आणि मठ अशी दोन स्थळं बघायला जाऊ नका. एकाच धंद्याची ही दोन टोकं आहेत, मध्ये सहा-सात शतकं गेली एवढंच. शाले पंथ फार टिकला नाही, 1303 मध्ये मूळ शालेच कार्थुसियन पंथाच्या साधूंकडे गेलं. ल्यूरच्या मठाची हळूहळू पडझड झाली.

आज दरीच्या कुशीत चर्च उभं आहे, पुढे जुनी प्रचंड लिंडनची झाडं, बाजूला पडक्या भिंती. आम्ही गेलो तेव्हा दार ढकललं आणि उघडलं. आत नक्षी नाही, मूर्तींची गर्दी नाही, उघडा दगड आणि वरून उतरणारा थोडा उजेड. ज्यांना रंगीत काचांची चर्चं बघायची सवय आहे त्यांचा हिरमोड होईल. माझ्या बायकोला मात्र आमच्या गावचं हेमाडपंती महादेवाचं देऊळ आठवलं आणि ती चप्पल काढायला निघाली होती. परंपरा सांगते की मठाच्याही आधी, सहाव्या शतकात, दोना नावाचा संत या डोंगरात एकांतात राहिला.

आईंना झाडपाल्याची आवड असेल तर सेंत-एत्येनबद्दल एक सांगून ठेवा. हे गाव औषधविक्यांचं. ल्यूरवरच्या वनस्पती गोळा करून, वाळवून, पेटारा पाठीला लावून इथले लोक लियोंपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे विकत फिरत. गावातली काही घरं शेतकऱ्याची न वाटता सावकाराची वाटतात, ती त्या पैशाची.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या, कुत्री. फ्रान्समध्ये लांडगे 1992 पासून परत आले आहेत आणि कळपांबरोबर पातू नावाची मोठी पांढरी कुत्री असतात. ती कळपातच वाढलेली असतात आणि तुम्ही त्यांच्या मेंढ्यांच्या जवळ आलात की भुंकत धावून येतात. पळू नका, काठी उगारू नका, दगड तर अजिबात उचलू नका. जागीच थांबा, शांत आवाजात काहीही बोला, त्याला तुम्हाला हुंगू द्या आणि मग कळपाला लांबचा वळसा घालून जा. मी मराठीत बोललो, चाललं. कळपामधून वाट काढायची घाई करू नका, चार मेंढ्या बुजल्या तर मेंढपाळाची अख्खी सकाळ जाते.

वाड्यांवर चढू नका आणि आठवण म्हणून दगड उचलू नका. रचीव छपरात कुठल्या दगडावर कुठला भार आहे ते बाहेरून कळत नाही. फाटक उघडलंत तर लावून घ्या. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. भर उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने जंगलात जाण्यावर बंधनं येऊ शकतात, आदल्या दिवशी जिल्हा प्रशासनाची सूचना बघा. शरदात रानडुकरांची शिकार चालते, तेव्हा भडक रंगाचं जाकीट घाला. हिवाळ्यात वर बर्फ असतं.

आईंना खालून चढायचं नसेल तर मठाच्या जवळपर्यंत डांबरी रस्ता आहे. गाडी तिथे लावून बीचच्या जंगलात तासभर फिरवून आणा आणि येताना खाली एखादा वाडा दाखवा.

आणि खाण्याचं. वर काहीच मिळत नाही. माणशी दोन लिटर पाणी आणि डबा खालून न्या. सोमवार असेल तर सकाळी फोरकाल्कियेच्या आठवडी बाजारात थांबा, चेस्टनटच्या पानात गुंडाळून राफिया या ताडाच्या धाग्याने बांधलेलं बानों नावाचं शेळीचं चीज घ्या. आईंना वास सहन झाला नाही तर तुम्ही खा. आमच्याकडे ते पोळीबरोबर संपलं.