खिडक्यांच्या लाकडी झडपा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

श्रावण लागला की जुन्या नाशकातील वाड्यांमधून खिडक्यांविषयी तेच तेच प्रश्न येऊ लागतात. त्यांपैकी चार येथे घेतले आहेत.

आमच्या वाड्यातील आडव्या पट्ट्यांच्या झडपा पेशवेकालीन आहेत, हे खरे का?

केवळ पट्ट्यांवरून तसे म्हणता येत नाही. पेशवाईतील वाड्यांना सहसा भरीव फळ्यांच्या झडपा असत. उभ्या दांडीने उघडमीट होणाऱ्या आडव्या पट्ट्यांची झडप, म्हणजे झिलमिल, युरोपीय घरबांधणीतून आपल्याकडे रुळली. वाडा जुना असला तरी खिडकी नंतरची असू शकते, म्हणून चौकटीचे सांधे जाणकाराला दाखवा.

झडप फुगून अडकते. रंधा मारावा का?

पावसाळ्यात मुळीच नाही, उन्हाळ्यात फट राहील.

गणपतीपूर्वी झडपांचा जुना रंग मशीनने घासून काढायचा आहे. ‘सागाला काही होत नाही,’ असे रंगारी म्हणतो. घरात दोन वर्षांची नात आहे.

सागाला काही होणार नाही, पण नातीला होऊ शकते. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे सर्रास असे. घरगुती रंगांतील शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीचा प्रत्येक थर तपासणी होईपर्यंत संशयितच मानावा. पंचवटीतील एका वाड्यात मी पाहिले आहे : ओसरीवर मशीन चालू होते आणि आत पाळण्यातल्या दुपट्यावर बोटाने रेघ ओढता येईल एवढी हिरवी भुकटी साचली होती. रांगणारे मूल ती हाताने तोंडात घालते आणि शिसे वाढत्या मेंदूला इजा करते. कोरडे घासणे आणि ज्योतीने रंग जाळणे, दोन्ही टाळा. आधी रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या; शिसे निघाल्यास या कामाची माहिती असलेल्या माणसाकडून ओले करूनच खरवडून घ्या, आणि तोवर लहान मुले व गर्भवती यांना दुसरीकडे ठेवा. घासणे आधीच झाले असेल, तर सण उरकण्याची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना भेटून रक्तातील शिशाच्या तपासणीविषयी विचारा.

यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) खिडक्या बसवणारा विक्रेता जुन्या झडपा ‘फुकट काढून नेतो’ म्हणतो. होकार द्यावा का?

जुना साग घनफुटाच्या भावाने विकला जातो, हे त्या विक्रेत्याला तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. बहुतेक झडपांची फक्त खालची पट्टी कुजलेली असते किंवा बिजागरी झिजलेली असते. होकार देण्यापूर्वी विक्रीशी संबंध नसलेल्या सुताराकडून लाकडाचे माप आणि दुरुस्तीचा खर्च लिहून घ्या.