शेफिल्डचा चहाचा संच आणि मोडायची मुदत ठेव

प्रश्न : जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याकडे इंग्रजी बनावटीचा चहाचा संच आहे. किटली, दुधाचे भांडे, साखरदाणी व तबक मिळून वजन १,९०० ग्रॅम भरते. तळाशी ‘ई.पी.एन.एस.’ आणि ‘शेफिल्ड’ असे ठसे आहेत. किंमत १,६०,००० रुपये. मुदत ठेव मोडून तो घ्यावा का? त्याच्याकडे सिंह आणि जहाजाच्या नांगराचा ठसा असलेले जेवणाचे सहा काटेही आहेत.

उत्तर : आपण ठसे जसेच्या तसे उतरवून पाठवलेत, त्यामुळे निम्मा निर्णय तिथेच झाला. ही चार अक्षरे सांगतात, की भांडे निकेल-सिल्व्हरचे, म्हणजे आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो त्या तांबे, जस्त व निकेलच्या मिश्रधातूचे असून त्यावर विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा दिलेला आहे. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी १८४० मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पुढे शेफिल्डमध्येही असा माल मोठ्या प्रमाणावर तयार झाला, त्यामुळे गावाचे नाव शुद्धतेची हमी देत नाही. मुलामा इतका पातळ असतो, की १,९०० ग्रॅम वजनाला चांदीचा भाव लावणे सर्वस्वी चूक ठरेल. विक्रेता नेमके तेच करत असावा, अशी मला शंका आहे.

काट्यांची गोष्ट वेगळी आहे. चालता सिंह हा इंग्लंडमध्ये स्टर्लिंगचा, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदीचा ठसा आहे, तर नांगर बर्मिंगहॅमच्या तपासणी कार्यालयाचा. शेजारी वर्ष दाखवणारे अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरेही असायला हवीत, कारण मुलाम्याचे कारखानदार अशाच दिसणाऱ्या चौकटींत आपली अक्षरे उठवत असत. लोहचुंबकावर विसंबू नका. चांदी आणि जर्मन सिल्व्हर दोन्ही त्याला चिकटत नाहीत. सराफाचे यंत्रही मुख्यतः पृष्ठभागच वाचते, म्हणून तपासणी झिजलेल्या कडेवर करून घ्यावी. काटे भरीव असल्याने पाण्यात बुडवून घनता काढणे अधिक भरवशाचे : स्टर्लिंगची ती घन सेंटीमीटरला सुमारे १०.४ ग्रॅम येते, जर्मन सिल्व्हरची ९ च्याही खाली.

सहा काट्यांचे वजन समजा ४२० ग्रॅम भरले, तर शुद्ध चांदी ३८८.५ ग्रॅम होते. तिला त्या दिवसाच्या भावाने गुणून मोडीची घट वजा केली, की या खरेदीचा तळ कळतो. त्यावरची रक्कम आपण कारागिरी आणि जुनेपणासाठी मोजता, आणि ती परत मिळवायला तसाच हौशी गिऱ्हाईक शोधावा लागतो. संचाला असा तळच नाही.

म्हणून ठेव मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चांदीत गुंतवणूकच करायची असेल, तर सिल्व्हर ईटीएफमध्ये, म्हणजे चांदीच्या भावाशी जोडलेल्या आणि शेअर बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या फंडात, दरमहा थोडी रक्कम घालता येते. तिथे शुद्धतेचा वाद नाही आणि विकताना गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. संच मनात भरला असेल, तर पाहुण्यांसाठी चांगली भांडी म्हणून घरखर्चातून जेवढे सहज देता येतील तेवढेच सांगावेत. काट्यांची मागणी किंमत आपण लिहिलेली नाही. ती वरच्या हिशेबाच्या आसपास असेल, तर मी आधी त्यांचा विचार करीन.