डक्ट बँक रचताना आधी उष्णतेचा विचार करा
डक्ट बँक म्हणजे विजेच्या केबलसाठी जमिनीत काँक्रीटमध्ये गाडलेला पाइपांचा गठ्ठा. तीन ओळींत तीन-तीन अशा 9 पाइपांच्या रचनेत मधला पाइप सर्वांत जास्त तापतो, कारण त्याच्या चारही बाजूंना तापलेलेच शेजारी असतात. म्हणून जास्त लोडच्या केबल कडेच्या पाइपांत घ्या आणि मधला स्पेअर ठेवा. एसी प्रवाहाची सिंगल कोर (एकाच तारेची) केबल लोखंडी पाइपात एकटी कधीच टाकू नका, पाइपच तापतो.

काँक्रीट ओतताना रिकामे पाइप तरंगतात, नवखे हे हमखास विसरतात. दर दीड मीटरला स्पेसर (पाइपांत ठरावीक अंतर राखणारे तुकडे) लावा, गठ्ठा जमिनीत ठोकलेल्या सळयांना नायलॉनच्या दोरीने घट्ट बांधा. पाइपांचे जोड एका रेषेत येऊ देऊ नका. उतार मॅनहोलकडे, तोंडं बंद. काँक्रीट पडलं की त्याच दिवशी मँड्रेल (पाइप मोकळा आहे का ते तपासणारा दट्ट्या) पाइपांतून ओढा. आत शिरलेली स्लरी (सिमेंटचा पातळ राडा) ओली असतानाच निघते.